नेम आणि नोंद

वाचन ही आवडीने करावयाची गोष्ट आहे की नेमाने, हा प्रश्न वरवर पाहता फावल्या वेळच्या चर्चेचा वाटतो. परंतु ज्याने एखाद्या ऋतूपुरता वाचनाचा संकल्प सोडला आहे, त्याला तो रोज रात्री जेवणानंतर नव्याने भेटतो. असे संकल्प अलीकडे पुष्कळ ठिकाणी होऊ लागले आहेत. अमुक महिन्यांत अमुक विषयांवरची पुस्तके वाचावयाची, कोणी काय वाचले याची नोंद ठेवावयाची आणि ऋतू सरला की ती एकमेकांस दाखवावयाची, असे त्यांचे स्वरूप असते. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी असे उपक्रम करीत आली आहेत.

मराठी माणसाला मात्र यात नवल वाटण्याचे कारण नाही. ऋतू आणि ग्रंथ यांची सांगड आपल्या घरांत फार जुनी आहे. आषाढी एकादशीस चातुर्मास सुरू झाला की पाटावर पोथी येई. श्रावणात शिवलीलामृत, दत्तजयंतीपूर्वी गुरुचरित्राचा सप्ताह, दासनवमीच्या सुमारास दासबोध, असा क्रम ठरलेला असे. दासबोधाचे दशक २०, प्रत्येकाचे समास १०. रोज दोन समास वाचले तर २०० समास शंभर दिवसांत होतात आणि चातुर्मास संपण्यास काही दिवस उरतातही. पेरण्या उरकलेल्या, वाटा चिखलाने बंद, संन्यासीसुद्धा एकाच गावी मुक्कामास. अशा दिवसांत ग्रंथ कोणता आणि किती वाचावा हे वाचणाऱ्याच्या लहरीवर सोडलेले नव्हते.

हेच ध्यानी धरून फरीदाबादेत राहणाऱ्या आम्ही चार-पाच मराठी कुटुंबांनी एका चातुर्मासात पोथीच्या जागी पुस्तके घेतली. आम्ही बहुतेक केंद्र सरकारच्या नोकरीतले. कोणी येथल्याच कार्यालयात, कोणी मेट्रोने दिल्लीस जाणारे. आषाढास प्रवास हा विषय दिला, श्रावणास स्त्रियांची आत्मकथने, भाद्रपदास शेती, आश्विनास आपण राहतो त्या हरियाणाचा इतिहास. त्याप्रमाणे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणि विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी, अशी चार पुस्तके ठरली.

संकल्प सोडताच आमच्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, "अहो, पुस्तक हा स्नेही आहे. स्नेह्याच्या घरी कोणी हजेरीपट घेऊन जातो काय?" आक्षेप हसून घालवण्यासारखा नव्हता. वाचनाला नोंदीची जोड मिळाली की नोंदच मोठी होऊन बसण्याचा धोका असतो, आणि तो आम्हा कारकुनांइतका कोणास ठाऊक असेल? फाईल न वाचताही निकाली काढता येते. शेरा असतो, सही असते, तारीख असते. ज्याचे गाऱ्हाणे त्या फाईलीत होते तो मात्र होता तेथेच राहतो. पुस्तकाचेही असे होऊ शकते. पाने उलटली, यादीत खूण झाली, आणि लेखकाचे म्हणणे मनाच्या उंबऱ्याबाहेरच राहिले, तर त्या वाचनाला काय म्हणावे?

तरीही केवळ आवडीवर विसंबावे, असे आम्हांस वाटत नाही. त्याचे पहिले कारण आपल्या परगावच्या जिण्यात आहे. पुण्यात किंवा नागपुरात मराठी पुस्तक रस्त्याने जाता-येता दिसते, त्यावर बोलणारा कोणी भेटतो. येथे कार्यालयात हिंदी आणि इंग्रजी, शेजारी हिंदी, मुलांच्या शाळेत पुन्हा त्याच दोन भाषा. आपण मराठी वाचणे थांबवले तर कोणाचे काही अडत नाही, कोणी विचारीत नाही. ज्या गोष्टीच्या थांबण्याने कोणाचेच अडत नाही, ती नकळत थांबते. आवड असते, पण ती उद्यावर ढकलली जाते. आणि बदलीच्या नोकरीत उद्या म्हणजे दुसरे गाव.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आवड आपल्याला बहुधा आपल्यासारख्यांकडेच नेते. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला गेला. ऐषआरामात गुंग असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांस शेतकऱ्यांची वास्तविक स्थिती जाणून घेण्यास सवड नाही, आणि त्यांच्या हाताखालचे ब्राह्मण कामगार अज्ञानी शेतकऱ्यांस नाडतात, असा त्यातील एक मुख्य आरोप आहे. सरकारी पगारावर जगणारा माणूस दमून घरी आल्यावर आवडीने हे पुस्तक हाती घेईल, असे म्हणवत नाही. आमच्या हाती ते भाद्रपदाने दिले. गोरे अधिकारी गेले, राज्य आपले झाले. पण कागदाच्या एका बाजूस बसलेला आणि दुसऱ्या बाजूस उभा असलेला यांच्यातले अंतर पुसले गेले आहे काय, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही मिटला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाने टेबलावरचा एक अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला, एवढे येथे सांगितले म्हणजे पुरे.

नेम नेहमी असा कठोरच असतो असेही नाही. उत्तरेत महिना पौर्णिमेस संपतो, म्हणून येथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आमचा आषाढ चालू असतानाच हरिद्वारहून गंगाजल आणणाऱ्या कावडियांचे जथे रस्त्याने जाऊ लागले. त्याच दिवसांत आम्ही गोडसे भटजींबरोबर चाललो होतो. दक्षिणेच्या आशेने कोकणातील वरसईहून निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, लुटला गेला, आणि घरी परतला तो आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. ज्या मेट्रोत आमच्यातले काही हे पुस्तक वाचीत, तिच्या शेवटच्या स्थानकाला बल्लभगडच्या राजा नाहरसिंहाचे नाव आहे. त्याच बंडानंतर, ९ जानेवारी १८५८ रोजी, त्याला दिल्लीत फाशी देण्यात आले. रोजच्या येण्याजाण्यातले एक नाव आणि गर्दी म्हणून टाळलेला एक रस्ता, दोन्ही त्या महिन्यात आम्हांस अर्थपूर्ण झाले.

मग आक्षेपाचे काय? येथे एक भेद केला पाहिजे. प्रेम ही भावना आज्ञेने उत्पन्न होत नाही, आज्ञा कृतीलाच देता येते, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली लिहिले. वाचनाच्या बाबतीत हे तंतोतंत खरे आहे. पुस्तक आवडेल असे वचन कोणीच देऊ शकत नाही. ते समजेल असेही नाही. परंतु रोज अर्धा तास अन्य व्यवधाने दूर ठेवून त्याच्यासमोर बसेन, लेखकाचे म्हणणे पुरते ऐकल्याशिवाय मत देणार नाही, हे वचन देता येते, कारण ते पाळणे आपल्या हाती आहे. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांस लिहिलेल्या पत्रांत, शक्य तितके करीन असे म्हणणाऱ्याच्या ठायी दुबळेपणा तरी असतो किंवा अभिमान तरी, असा अभिप्राय दिला आहे. तो कठोर वाटतो. पण व्रत नेमके कशाचे हे आधी ठरवले तर तो जाचक राहत नाही. संख्येचे व्रत घेतले तर माणूस संख्येसाठी खोटे बोलू लागतो. अवधानाचे व्रत घेतले तर खोटे बोलण्याचे प्रयोजनच उरत नाही.

म्हणून आमच्या वहीत 'वाचले' याच्या शेजारी 'अपूर्ण' असा एक रकाना होता, आणि त्यात लिहिणाऱ्याकडे कोणी डोळे वटारून पाहिले नाही. कार्तिकी एकादशीस वही उघडली तेव्हा 'पानिपत'पुढे दोघांनी 'अपूर्ण' लिहिलेले होते, आणि आक्षेप घेणाऱ्या त्या ज्येष्ठ गृहस्थांनी चारही पुस्तके संपविली होती. हजेरीपट त्यांना अजूनही नापसंत आहे. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस फलश्रुती असे. वाचणाऱ्यास काय लाभेल ते तेथे स्पष्ट सांगितलेले असे. आमच्या पुस्तकांना तशी फलश्रुती नव्हती. जो लेखक आपल्यासाठी लिहीत नव्हता, क्वचित आपल्याविरुद्धच लिहीत होता, त्याला रोज अर्धा तास आपल्या घरात बसू दिले, एवढेच त्या चार महिन्यांत घडले. आणि परगावी, परभाषेत दिवस काढणाऱ्या माणसाला एवढा अतिथिधर्म पाळता आला तरी नेम सार्थकी लागला असे आम्ही मानतो.