सरासरीत न दिसणारी वीज

डेटा सेंटर म्हणजे हजारो सर्व्हर अहोरात्र चालणारी इमारत. सर्व्हरला दिलेल्या विजेची अखेर उष्णता होते आणि ती बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातील अशा केंद्रांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापरात हा वाटा जेमतेम दीड टक्का आहे, आणि उद्योगाचे समर्थक नेमका हाच आकडा पुढे करतात.

त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. २०१० ते २०१८ या काळात डेटा सेंटरांमधील गणनेचे काम साडेपाच पटींनी वाढले, विजेचा वापर मात्र सहाच टक्क्यांनी. अर्धे रिकामे पडून राहणारे जुने सर्व्हर गेले, त्यांचे काम मोठ्या, नेटक्या केंद्रांकडे आले, म्हणून हे साधले. पण ही बचत एकदाच होण्यासारखी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे सर्व्हर पूर्वीच्या सर्व्हरपेक्षा कितीतरी अधिक वीज घेतात. २०३० पर्यंत एकूण मागणी दुपटीहून जास्त होईल, असे याच संस्थेचे भाकीत आहे.

दीड टक्क्याचा खरा दोष वेगळाच. भार जगभर सारखा पसरत नाही. तो समुद्राखालच्या केबली, मोठी गिऱ्हाइके आणि करसवलती असतील तिथे साचतो. आयर्लंडमध्ये २०१५ साली डेटा सेंटरे देशाच्या पाच टक्के वीज घेत होती. २०२३ मध्ये एकवीस टक्के, म्हणजे शहरी भागातील सगळ्या घरांपेक्षा जास्त. तिथली थंड हवा सर्व्हर गार ठेवायला आयतीच मिळते, तरीही ही गत! २०२१ मध्ये वीज नियामकाने नव्या जोडण्यांवर अटी घातल्या. केंद्राचे ठिकाण कोणते आणि आवारातच वीजनिर्मितीची सोय आहे का, हे पाहिले जाऊ लागले. डब्लिन परिसरात तर नव्या जोडण्या जवळपास थांबल्या. त्यावर काही केंद्रांनी आवारातच वीज तयार करायला थेट गॅसची वाहिनी घेतली. वीजजाळ्यावरचा ताण हलका झाला, धूर मात्र राहिला.

भारतात असाच भार मुंबई महानगरात साचला आहे. वर्सोव्याला समुद्री केबली किनाऱ्याला लागतात. ऐरोली, रबाळे, महापे या एमआयडीसी पट्ट्यात केंद्रे उभी राहिली. इथल्या दमट हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा मिळवणे अवघड, त्यामुळे शीतकरणाचा बोजा विजेवरच येतो. महाराष्ट्राची वीज अजूनही मुख्यतः कोळशाची आहे आणि कोळशावरची मोठी वीजकेंद्रे विदर्भात आहेत. २,९२० मेगावॉट क्षमतेचे वीजकेंद्र असलेल्या चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्येच अतिप्रदूषित ठरवले होते. ऐरोलीतल्या केंद्राच्या पर्यावरणीय हिशेबात चंद्रपूरच्या राखेचा उल्लेख क्वचितच सापडेल.

कंपन्यांचा ‘शंभर टक्के हरित’ असल्याचा दावा बहुधा वर्षभराच्या बेरजेवर टिकतो. दुपारी सौर प्रकल्पात तयार झालेले युनिट रात्रीच्या वापरापोटी मांडले की कागद जुळतो. रात्री सर्व्हर चालवणारी वीज मात्र बरीचशी कोळशाचीच असते. हा हिशेब वर्षाचा नव्हे, तासातासाचा मागायला हवा, आणि तो दिल्याशिवाय नव्या केंद्राला वीजजोडणी मिळता कामा नये.