डेटाची मर्यादा आणि न्यायाचा प्रश्न

ब्रॉडबँडच्या महिन्याच्या वापरावर कंपनी जी मर्यादा घालते, ती डेटा कॅप, वरवर पाहता दरपत्रकातली एक ओळ असते. तिच्यामागे नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे: वापरल्याने जे संपत नाही, त्याचे रेशनिंग न्याय्य ठरते का?

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात न्यायाचे मूळ टंचाईत शोधले. हवेसारखी गोष्ट मुबलक असते तोवर तुझे-माझे करण्याला अर्थ नसतो. वाटणीचे नियम लागतात ते वस्तू अपुरी पडते म्हणून. विहिरीतले पाणी उपसले की कमी होते, गिगाबाइट तसे कमी होत नाहीत. रात्री सगळे एकाच वेळी चित्रपट पाहू लागले की जाळे तुंबते, ही टंचाई खरी. पण ती त्या दोन-तीन तासांची. महिन्याची मर्यादा मात्र पहाटे तीनला उतरवलेली फाइल आणि रात्री नऊचा सामना एकाच मापाने मोजते. (मोबाइलची गोष्ट थोडी वेगळी, तिथे रेडिओलहरींचा स्पेक्ट्रम मुळातच मोजका असतो.)

अमेरिकेतल्या कॉमकास्ट या केबल कंपनीने 2008 साली दरमहा 250 गिगाबाइटची मर्यादा आणली. पुढे बदलत बदलत ती अखेर 1.2 टेराबाइटवर गेली आणि त्यावरच्या प्रत्येक 50 गिगाबाइटला 10 डॉलर जादा आकार लागू लागला. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे शाळा-कचेऱ्या घरात आल्या, वापर झपाट्याने वाढला, आणि नेमकी तेव्हाच कंपनीने आपली मर्यादा काही महिने उठवली. जाळे कोसळले नाही. खरे तर केबल उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख मायकेल पॉवेल यांनी 2013 मध्येच सांगून टाकले होते की, गर्दी हे मुख्य कारण नाही. जाळे उभारण्याचा मोठा खर्च ग्राहकांकडून न्याय्य रीतीने वसूल करणे हा हेतू आहे.

म्हणजे कंपन्याही न्यायाचीच भाषा बोलतात, आणि ती उडवून लावण्याजोगी नाही. ईमेलपुरते इंटरनेट वापरणाऱ्या वृद्धेने शेजारच्या घरातल्या चार पडद्यांचा भार का उचलावा? ज्याचा वापर जास्त त्याचा वाटा जास्त, हा अ‍ॅरिस्टॉटलच्या प्रमाणशीर न्यायाच्या जवळ जाणारा विचार आहे. अडचण हिशेबात आहे. खर्चाचा मोठा भाग तार दारापर्यंत आणण्यात जातो, आणि तो दोन्ही घरांना जवळपास सारखाच. शिवाय शेजाऱ्याला जादा आकार लागला म्हणून वृद्धेचे बिल आपोआप उतरत नाही.

इथे फ्रेंच अभियंता झ्यूल द्युप्वी आठवतो. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसते, याचे त्याने 1849 मध्ये दिलेले उत्तर अजून बोचते: छपराचा खर्च वाचवावा म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. डेटा कॅपचे कामही बरेचसे असेच चालते. त्रास मुद्दाम घडवायचा आणि त्यातून सुटका विकायची. कॉमकास्टकडे ‘अमर्याद’ वापर वेगळे पैसे भरून मिळतच असे. अशा सौद्यात, मध्ययुगीन तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनसच्या मते गिऱ्हाइकाच्या गरजेपोटी विक्रेत्याने किंमत वाढवणे गैर, कारण ती गरज विक्रेत्याची नसते आणि जे आपले नाही ते विकता येत नाही.

मर्यादेमागची टंचाई कितपत खरी, याचा पुरावा स्पर्धेतून मिळतो. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, जिथे बऱ्याच भागांत प्रतिस्पर्धी व्हेरायझन कंपनीच्या फायबरशी गाठ होती, तिथे कॉमकास्टने हा जादा आकार लावला नव्हता. 2021 पासून तो लावण्याचा बेत जाहीर झाला आणि विरोधानंतर बारगळला. देश तोच, कंपनी तीच. फरक पडला तो शेजारी दुसरी तार असण्याचा.

तरीही स्पर्धा म्हणजे न्याय नव्हे. ती कंपनीचा हात धरते, ग्राहकाचा हक्क ठरवत नाही. दुसरी तार टाकणे खर्चाचे असल्याने विरळ वस्तीत ती येतही नाही, आणि तिथे निवाडा नियामकावरच येतो. मर्यादा घालणाऱ्यानेच टंचाई सिद्ध करावी, ही अपेक्षा तिथे रास्त आहे. अमेरिकेच्या एफसीसी या नियामक आयोगाने ऑक्टोबर 2024 मध्ये डेटा कॅपची औपचारिक चौकशी सुरू केली. जून 2025 मध्ये, वायरलेस आणि फायबर कंपन्यांकडे ग्राहक जात असताना, कॉमकास्टने आपल्या नव्या योजनांतून मर्यादा काढून टाकली.