शल्य आणि क्षमा

कीर्तन आटोपले, आरती झाली, की मंडळी पाया पडावयास येतात. त्या गर्दीत कोणी आपले दुःख हळूच कानावर घालतो, आणि आम्ही कीर्तनकार लगेच उत्तर देऊन मोकळे होतो. उत्तर तयारच असते ना! असेच एक उत्तर आम्ही काही वर्षांपूर्वी पालखीच्या वाटेवरील एका मुक्कामी दिले, ते अजून सलते आहे.

पन्नाशीची बाई. गर्दी ओसरेपर्यंत थांबली. म्हणाली, "महाराज, नऊ वर्षांची होते. घरातल्याच माणसानं... आता तो मेलासुद्धा. पण रात्री दाराची कडी वाजली की अजून अंग कापतं. नाम घेते, तरी कापतं." आम्ही म्हणालो, "माउली, झालं गेलं विसरा. त्याला क्षमा करा. नाम घ्या." ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली.

वाचक म्हणतील, यात चुकले काय? दुःख उगाळल्याने वाढते, आणि क्षमा तर सर्व संतांनी गौरविलेली. हा पूर्वपक्ष आम्हीही पुष्कळ वर्षे धरून होतो. पण ज्याच्या हाती दंड देण्याचे सामर्थ्य आहे त्याने दंड न देणे, ही क्षमा. नऊ वर्षांच्या पोरीने मुकाट सोसले तो निरुपाय होता. त्या निरुपायालाच क्षमा म्हणा, असे आम्ही तिला सांगितले. शिवाय पश्चात्ताप ज्याने पाप केले त्याने करावयाचा. त्याने तो केला नाही, आणि ओझे मात्र आम्ही तिच्याच डोईवर ठेवले!

सुश्रुताने शरीराला पीडा देते तेवढ्यालाच शल्य म्हटले नाही, मनाला पीडा देते तेही शल्यच मानले. ते आत ठेवून वर लेप लावला तर जखम वरून मिटते आणि आत पू धरते.

पुढे एका जाणत्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावले. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातामागून येणाऱ्या या विकाराला आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव दिले; तेव्हा पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लढाईवरून परतलेले शिपाई होते. ज्युडिथ हर्मन या विदुषीने १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की घराच्या चार भिंतींत अत्याचार सोसलेल्या स्त्रियांची अवस्था त्या शिपायांसारखीच असते. गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. पण कडी वाजताच शरीराला ती आत्ताची वाटते. हर्मनबाई उपचाराच्या तीन पायऱ्या सांगतात. आधी निर्भयता: झोप लागावी, घरात धोका नसावा, कधी काय सांगायचे हे तिच्याच हाती असावे. मग आठवण आणि त्यावरचा शोक. शेवटी पुन्हा माणसांत मिसळणे. पहिली पायरी सोडून कोणी "सांग, सांग" म्हणून खोदू लागला तर अपाय होतो. आणि क्षमा केल्यावाचून बरे होता येत नाही, असे त्या मुळीच मानत नाहीत.

मग नाम? नाम सोडा असे कोण म्हणतो! पाय मोडला तर आपण हाडवैद्याकडे जातोच की, आणि बरा झाला की वारीलाही जातो. नाम हे दुःखावर टाकायचे झाकण नव्हे. शिऊरच्या संत बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत पतीने केलेली मारहाण लपविली नाही. त्याने त्यांच्या भक्तीला उणेपणा आला काय?

अशी माउली कोणाच्या घरी असेल तर केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेली 'टेलि-मानस' ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतूनही.

यंदा त्याच मुक्कामी त्या दिसल्या. दिंडीला पाणी वाढीत होत्या. आम्ही जवळ जाऊन म्हणालो, "माउली, तेव्हा आमचं चुकलं." त्यांनी घागर खाली ठेवली. "दर गुरुवारी तालुक्याला जाते, त्या उपचारवाल्या बाईंकडं. अजून सगळं सांगून झालं नाही, महाराज." आम्ही पुढे काही विचारले नाही. त्यांनी तांब्या भरून दिला, तो घेतला.