राजधानीतले पाहुणे

शनिवारची संध्याकाळ झाली की आमच्या नसरापूरचा रस्ता आमचा राहत नाही, पुण्याचा होतो. चेलाडी फाट्यावर साताऱ्याचा मोठा रस्ता सोडून मोटारसायकलींच्या रांगा आत वळतात आणि मार्गासनीकडे निघून जातात. पाठीला पिशव्या, कपाळाला विजेऱ्या, आणि डोळ्यांत आठवडाभर साठवलेली हौस. त्यांना राजगड गाठायचा असतो. रविवारी दिवेलागणीला तीच मंडळी धुळीने माखून परत जातात. दीड दिवसाची राजधानी!

अशाच एका शनिवारी चहाच्या टपरीवर एका पोरगेल्या तरुणाने मला विचारले, “काका, गडावर रात्री मजा येते ना?” मास्तरकीची खोड जाता जात नाही. मी त्याला तेथल्या तेथे इतिहासाचा तास घेऊन दाखवला आणि शेवटी बजावले, “मजा करायची जागा नव्हे ती, बाबा.” बिचाऱ्याने सगळे ऐकून घेतले. मग अगदी सरळ मनाने म्हणाला, “म्हणजे तिथं हसायचं नाही का, काका?” सोबत्यांनी हाक मारली म्हणून तो गेला. मला उत्तर सुचले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

पुढे कित्येक दिवस तो प्रश्न मला सोडीना. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजीराजांनी हा गड उभारला आणि रायगडी जाण्यापूर्वी सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याचा कारभार येथून चालवला. १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले, १२ उरले, त्यांत हा होता. १६६६ साली आग्र्याहून सुटलेले राजे आले तेही येथेच. सप्टेंबर १६५९ मध्ये सईबाईंनी येथे डोळे मिटले. धाकटे संभाजीराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते आणि अफझलखान स्वराज्यावर चालून आलेला होता. आणि याच गडावर फेब्रुवारी १६७० मध्ये राजारामांचा जन्म झाला. म्हणजे गडाने सुतकही पाळले आणि सोयरही. मग तेथे कोणी हसलेच नसेल, असे कसे म्हणावे? राजधानी म्हणजे काही आठही प्रहर तलवारीच्या मुठीवर हात ठेवून बसलेली माणसे नव्हेत. सुवेळा माचीवर रात्रीचा पहारा देणाऱ्या मावळ्याने डोळा लागू नये म्हणून शेजाऱ्याची थट्टा केलीच असेल. ती कागदावर उतरली नाही, एवढेच. आपण मात्र पूर्वजांच्या तोंडावरचे हसू पुसून टाकतो आणि त्याला आदर म्हणतो.

तेव्हा हसणे हा अपराध नव्हे. मग मला सलत होते ते काय?

युरोपातले प्राग हे असेच एक जुने राजधानीचे शहर. शनिवार-रविवारची मौज करायला तेथे परदेशांतून टोळ्या येतात. शेवटी २०२४ साली नगरपालिकेने, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात पाहुण्यांना एका मद्यगृहातून दुसऱ्यात फिरवणाऱ्या सहलींना बंदी घातली. तेथल्या लोकांचा राग मौजेवर नसावा. रस्त्यालगतच्या खिडकीत आपण झोपलो आहोत, हे येणाऱ्याला ठाऊकच नसते, याचा तो राग असावा.

व्युत्पत्तीच्या पंडितांनी क्षमा करावी, पण पाहणे आणि पाहुणा हे शब्द मला सख्खे वाटतात. कोठेही पाहायला जाणारा तेथला पाहुणा असतो. पाहुण्याला देव मानावे, हे आपण यजमानाला पिढ्यान् पिढ्या शिकवत आलो. पाहुण्याने कसे वागावे, हा धडा मात्र आपण कोणत्या इयत्तेत घालावा याचा विचारच केला नाही.

हे मी दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी लिहीत नाही. बाविसाव्या वर्षी आम्ही पाच मित्र गडावर पौर्णिमा साजरी करायला गेलो होतो. पद्मावतीच्या देवळात मुक्काम, जवळच सईबाईंची समाधी, रात्रभर गाणी. गाण्यांबद्दल मला आजही खंत नाही. आमचा गळा वाईट होता, मन वाईट नव्हते. पण पहाटे आम्ही देवळाजवळच्या टाक्यात यथेच्छ साबण लावून अंघोळी केल्या. थोड्याच वेळाने खालच्या गावातली एक बाई डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन वर आली. आमच्यासारख्यांना ताक विकूनच तिचा रविवार निघायचा. पाणी घ्यायला ती टाक्याशी वाकली, पांढरा फेस पाहून थांबली, आणि हळूच म्हणाली, “पाणी प्यायचं हाय ते, दादा.” बस्स. रागावली असती तर आम्ही भांडलो असतो आणि विसरलोही असतो. ती रिकामी कळशी घेऊन दुसऱ्या टाक्याकडे गेली. तिचे ताकही आम्ही नंतर प्यायलो. पैसे दिले, हिशेब मिटला असे वाटले.

तेव्हा समाधी कोणाची, हे मला माहीत होते. गडावर किती माच्या, किती दरवाजे, हेही पाठ होते. पाणी कोण पिते, हे माहीत नव्हते. आता इतिहास शिकवताना हीच गोष्ट मला छळते. आम्ही मुलांना सनावळी देतो, मेलेल्यांपुढे हात जोडायला शिकवतो, आणि जिवंत यजमान कोण हे सांगायचे राहून जाते. काही जण म्हणतात, गडावर जयघोषाखेरीज आवाजच नको. मला ते पटत नाही. जयघोष करणाऱ्यांच्या मागे आणि गाणी वाजवणाऱ्यांच्या मागे उरणाऱ्या बाटल्या मी उचलल्या आहेत. त्यांत फरक करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत राजगड आहे. आम्हांला आनंद झाला, पेढेही खाल्ले. आता पाहुणे वाढतील. आलेच पाहिजेत. ज्या राजधानीत कोणी येत नाही ती कसली राजधानी?

तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. पण परवा टपरीवर दुसऱ्या एकाने गुंजवण्याची वाट विचारली. मी वाट सांगितली. इतिहासाचा तास घेतला नाही. एवढेच म्हणालो की वर टाकी बरीच आहेत, प्यायचे पाणी कोणत्या टाक्यात ते ताकवाल्या मावशींना आधी विचार. तो म्हणाला, “बरं काका,” आणि गाडीला लाथ मारून निघून गेला.