मूळ चित्राचे मोल

ईश्वराने दिलेल्या देणगीचे पैसे घ्यावेत काय, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत सुताराला कुणी विचारीत नाही, शिवणकाम करणाऱ्या भगिनीला विचारीत नाही, सणाला वाजविणाऱ्या बँडला तर नाहीच नाही. चित्रकाराला मात्र तो हमखास विचारला जातो. नोकरीचा आधार न घेता, केवळ स्वतःची जलरंगातील चित्रे विकून निर्वाह करू पाहणारे काही तरुण-तरुणी आता आपल्याही कुटुंबांत आहेत. स्मरणिकेचे मुखपृष्ठ असो, गोठ्याच्या देखाव्यामागचा पडदा असो किंवा निरोपसमारंभात भेट द्यावयाचे निसर्गचित्र असो, 'कला देवाने दिली, मग देवाच्या कामाला पैसे कसले?' असे कुणी प्रेमाने म्हटले की त्या बिचाऱ्यांचे तोंड बंद होते.

या म्हणण्याला शुभवर्तमानाचा आधारही दिला जातो. मत्तयच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने शिष्यांना पाठविताना विनामूल्य मिळालेले विनामूल्य वाटण्याची आज्ञा केली, हे खरे. परंतु त्याच अध्यायात, अवघ्या दोन वचनांनंतर, काम करणाऱ्याचा अन्नावरील हक्क प्रभूनेच मान्य केला आहे. पहिली आज्ञा रोगमुक्तीच्या व कृपेच्या दानासंबंधी आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील शिमोनाच्या नावाने जे पाप ओळखले जाते, तेही कृपेच्या व्यापाराचेच आहे. बावखलाकाठच्या माडांचे चित्र विकणारा त्या पापाचा वाटेकरी होत नाही.

जलरंग वरवर सोपा वाटतो. शाळेच्या दप्तरातही त्याची डबी असते. पण तैलरंगात चूक झाल्यास वर दुसरा थर देता येतो, येथे ती सोय फारच थोडी. पांढरा प्रकाश दाखवायचा तर कागदाची पांढरी जागा आधीपासूनच राखून ठेवावी लागते. पाणी सुकण्याआधी निर्णय घ्यावा लागतो आणि तो चुकला तर कापसापासून बनविलेला महागडा कागद बाद होतो. चित्र दोन तासांत होते खरे, परंतु ते दोन तास येण्यापूर्वी कित्येक वर्षे गेलेली असतात. लंडनच्या न्यायालयात 1878 साली व्हिसलर या चित्रकाराला हाच प्रश्न विचारला गेला होता. दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता काय, असे वकिलाने विचारले, तेव्हा आपण आयुष्यभराच्या ज्ञानाची किंमत मागतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. खटला त्याने जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, आणि पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले. न्याय मिळूनही पोट भरतेच असे नाही.

आमच्या मते खरी कसोटी प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी लागते. दालनाचे भाडे भरलेले असते, चौकटी आणि काचा यांचे पैसे द्यावयाचे असतात. हे ओळखून एखादा सज्जन निम्म्या किमतीला चित्र मागतो आणि चित्रकार मान डोलावतो. 'त्यानेच कबूल केले' असे म्हणून सुटता येईल काय? पोप तेराव्या लिओ यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात, गरजेपोटी स्वीकारलेली अपुरी मजुरी केवळ संमतीमुळे न्याय्य ठरत नाही, असे शिकविले आहे. चित्रकार मजूर नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. पण गरज तीच असते.

आता दुसरी बाजू, जी अधिक कठीण आहे. संत थॉमस अॅक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला. वस्तू देताना विकणाऱ्याची हानी होत असेल, तर ती हानी त्याने किमतीत धरावी. परंतु घेणाऱ्याला ती वस्तू विशेष मोलाची आहे एवढ्यावरून किंमत वाढवू नये, कारण ती विशेष गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. समजा, एखाद्याने वाडीतले जुने कौलारू घर रंगविले. पुढे ते घर पाडले गेले, आणि कॅनडात स्थायिक झालेला त्या घरचा मुलगा चित्रासमोर येऊन गहिवरला. दोन हजारांचे चित्र दहा हजारांना जाईल, हे चित्रकाराला त्या क्षणी कळते. मूळ चित्र एकच असते, ते गेल्यावर पुन्हा दिसणार नाही. या वियोगाचे मोल त्याने अवश्य मागावे. पण त्या मुलाच्या अश्रूंचे मोल मागण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? बाजार म्हणेल, मागणीप्रमाणे भाव. आम्हांला संत थॉमस यांचे म्हणणे अधिक पटते, जरी ते पाळणे महाग पडणारे आहे.

विकणाऱ्याने न दिसणारा दोष सांगावा, असेही त्याच संताचे म्हणणे. जलरंगात असे दोष पुष्कळ. अलिझरिन क्रिमझनचा सुंदर लाल रंग उन्हात विटत जातो. गेरू आणि अल्ट्रामरीन टिकतात. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडतो. चित्र काचेला चिकटवून बसविले तर आपल्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. हे सारे विक्रीपूर्वी सांगणे गिऱ्हाईक घालविण्यासारखे वाटते, तरी ते सांगितले पाहिजे. यंत्रावर छापलेली प्रत मूळ चित्र म्हणून विकणे ही तर उघड चोरीच.

आणि विकत घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे की चित्र घरी आले म्हणून ते छापण्याचा हक्क बरोबर येत नाही. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तसा लेखी करार नसेल तर तो हक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतो. आमच्या पाहण्यातील एका सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेवर चर्चचे सुरेख जलरंगचित्र होते. आतील पानावर जाहिरातदारांची नावे होती, मुद्रकाचे होते, चहापानाची व्यवस्था करणाऱ्यांचेही होते. चित्र रंगविणारीला अंक पाहावयास मिळाला तो शेजारच्या घरी.