देवाजोळचा पक्षी

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाट लागतो. तिथं दोन मिनिटं थांबून कठड्याशी उभं राहावं. एरवी मान मागे टाकून पाहावे लागणारे पक्षी इथं पायाखाली उडताना दिसतात. पोट नव्हे, पाठ दिसते. आमच्या जिल्ह्याचे दोनच भाग, घाटावर आणि घाटाखाली. सोयरीक जुळवतानाही पहिला प्रश्न तोच. या दोन भागांच्या मधल्या उतारावर ऊन तापलं की हवा वर चढू लागते आणि मोठे पक्षी पंख न हलवता तिच्यावर तरंगत राहतात.

गेल्या हिवाळ्यात असाच थांबलो होतो. खालून एक थोराड पक्षी वर आला. तपकिरी पाठ, रुंद पंख, घुबडासारखं मोठं डोकं. थोडं पुढे जाऊन तो हवेत एकाच जागी थबकला. पंख फडफडत होते, पाय खाली सोडलेले, नजर गवतावर. वळला तेव्हा पोटाकडचा पांढरा रंग उन्हात चमकला. हा सापमार गरुड, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. बाजूला शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा उभे होते. त्यांना विचारलं, ‘‘बाबा, हा कोणता पक्षी?’’

‘‘घार व्हय ते.’’

‘‘गरुड नाही?’’

ते हसले. ‘‘गरुड अठी कुठचा भाऊ? तो तं देवाजोळ राह्यते.’’

मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. घरी येईपर्यंत ती चूक आहे की नाही याचीच खात्री वाटेना.

गरुड हा शब्द कुठून आला याची तीन उत्तरं मिळतात. महाभारताच्या आदिपर्वात विनतेचा मुलगा आईला दास्यातून सोडवण्यासाठी अमृत आणायला निघतो. वाटेत भूक लागते म्हणून एक हत्ती आणि एक कासव अशी दोन धुडं नखांत उचलून तो वडाच्या फांदीवर टेकतो. फांदी मोडते. पाहतो तर तिला अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी उलटे लटकून तप करत आहेत. फांदी टाकावी तर ऋषी मरतात. म्हणून फांदी चोचीत, शिकार नखांत, असा तो बसायला जागा शोधत उडत राहतो. एवढा गुरु भार घेऊन उडतो तो गरुड, असं नाव ऋषींनीच त्याला दिलं. दुसरं उत्तर व्याकरणवाल्यांचं: ‘गॄ’ म्हणजे गिळणे, सापांना गिळतो तो गरुड. आपलं ‘गिळणं’ही त्याच धातूच्या घरचं. तिसरं उत्तर ‘गरुत्’ म्हणजे पंख या शब्दाकडे बोट दाखवतं. ऋग्वेदात दिव्य पक्ष्याला ‘गरुत्मान्’, म्हणजे पंखवाला, म्हटलं आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीला यातलं पहिलं उत्तर टिकणार नाही. मला मात्र तेच आवडतं. भुकेल्या पोटी दुसऱ्यांचा जीव चोचीत सांभाळणारा पक्षी गिळणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

पुढे या शब्दाने जी भरारी घेतली ती पक्ष्याच्या कितीतरी वर गेली. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोरस नावाच्या ग्रीक वकिलाने विदिशेजवळ बेसनगरला वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. तो दगडी खांब आजही उभा आहे. खांबावर ब्राह्मी लिपीत ‘गरुडध्वज’ ही अक्षरं आहेत, पण माथ्यावर बसवलेला गरुड कधीच नाहीसा झाला. शब्द राहिला, पक्षी गेला. या एका खांबात सगळी गोष्ट आली असं मला वाटतं.

तेच आपल्याकडे. राष्ट्रकूटांच्या राजमुद्रेवर गरुड, देवगिरीच्या यादवांच्या ध्वजावर सोनेरी गरुड. सिंदखेडराजाचे लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, याच यादवांच्या कुळातले मानले जातात. मेहकरला १८८८ साली जमिनीतून शारंगधर बालाजीची काळी, भव्य मूर्ती वर आली. लोणारला दैत्यसूदनाचं देऊळ आहे. म्हणजे हा सगळा घाटावरचा मुलूख विष्णूचा, आणि विष्णू आला की वाहन आलंच. आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपुरी जाते. तिथं विठ्ठलाला भेटण्याआधी वारकरी चांदीने मढवलेल्या गरुडखांबाला मिठी मारतात. पूजेतल्या घंटेच्या दांड्यावर हात जोडलेला गरुड असतो, आणि घरात माणूस गेलं की दहा दिवस गरुडपुराण. जन्मभर देवळात भेटणारा हा पक्षी शेवटी ओसरीवर येतो, तोही पोथीतून. आभाळातून येत नाही.

याच शब्दाचं एक पोर मात्र रस्त्यावर वाढलं. गरुड सापांचा वैरी, म्हणून विष उतरवण्याची विद्या ती गारुडी विद्या. ती जाणणारा तो गारुडी. विष उतरवणारा हळूहळू टोपलीत नाग घेऊन पुंगी वाजवणारा झाला, आणि मग खेळ करणारा कोणीही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर नागाचा खेळ गुन्हा ठरला, टोपल्या गेल्या. उरलं ते ‘गारूड’. आता गायिकेच्या आवाजाचं गारूड असतं, सिनेमाचं असतं, निवडणुकीच्या दिवसांत भाषणाचंही. त्या वेळी विष उतरवलं जातंय की चढवलं, हे ज्याचं त्याने पाहावं.

मग शेतावरच्या आभाळात उरलं काय? घार. कोंबडीची पिल्लं उचलते म्हणून आजीच्या शिव्या खाणारी. गरुडाला शिवी देणारं कोणी मला भेटलेलं नाही. खरं तर घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते, तेवढ्यावरून ती ओळखू येते; पण उंचावर उडणारं जे जे मोठं, ते ते आम्ही घारीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. लहान शिकारी पक्ष्यांच्या नावांत लोकांची नजर अजून जिवंत दिसते. ससाणा हे नाव संस्कृत ‘शशादन’वरून, म्हणजे ससे खाणारा, आल्याचं सांगतात. आणि कापशी! पऱ्हाटीच्या शेतावर हवेत एका जागी फडफडत उंदीर हेरणारी ती पांढुरकी, लाल डोळ्यांची घार. खामगावच्या कापसाच्या मुलखात यापेक्षा नेमकं नाव तिला कोण देणार होतं? मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या रानांत आयुष्य काढलं आणि अशी लोकांच्या तोंडची नावं गोळा करून ‘पक्षिकोश’ केला. सापमार गरुडासारखं जोडनाव बोलीतलं वाटत नाही, पुस्तकातलं वाटतं. कारण उघड आहे. गरुड हे नाव आधीच देवाला देऊन झालं होतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. इंग्रजांकडे या पक्ष्यासाठी स्वतःचा जुना शब्द होता, ‘अर्न’. मग नॉर्मन राज्यकर्ते आले आणि त्यांच्या फ्रेंचमधून ‘ईगल’ आला. त्याचं मूळ लॅटिन ‘अक्विला’. हा अक्विला रोमन पलटणींच्या काठीवर बसून जग फिरलेला. पलटणीने तो गमावला तर तिची अब्रू जाई. दरबाराचा शब्द वर बसला आणि गावचा शब्द समुद्रकाठच्या एका गरुडापुरता, तोही थोड्या लोकांच्या तोंडी, उरला. अरबीतला ‘नस्र’ गरुडालाही चालतो आणि गिधाडालाही. म्हणजे राजूर घाटातल्या बाबांना हसण्याचा अधिकार जगात फारशा कोणाला नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पाश्चात्त्यांच्या आकाशात अक्विला नावाचा तारकासमूह आहे. आपल्या पुस्तकांत त्याला गरुड म्हणतात. त्यातल्या सर्वांत ठळक ताऱ्याचं ‘अल्टेअर’ हे नाव अरबीतून आलं, अर्थ ‘उडणारा गरुड’. तोच आपला श्रवण. ज्या महिन्याची पौर्णिमा त्याच्या आसपास येते तो श्रावण. आमच्याकडे त्याला कोणी गरुड म्हणत नसे. मधला श्रवणबाळ आणि दोन बाजूंना कावडीतले आईबाप, अशीच ती तीन तारकांची ओळख. आणि ज्योतिषात या नक्षत्राची देवता कोण, तर विष्णू.

म्हाताऱ्या बाबांनी यातलं काही वाचलेलं नसणार. तरी ते म्हणाले ते खरंच निघालं. तो देवाजोळच राह्यते.

श्रावणात आमच्याकडे ढग असतात, तेव्हा पाहायला जाऊ नका. घटस्थापनेच्या सुमारास, रात्री आठच्या आत-बाहेर, गच्चीवर किंवा खळ्यात या. जवळजवळ डोक्यावर, जरासं दक्षिणेला, जवळजवळ सरळ रेषेत तीन तारे दिसतील. त्यातला मधला सर्वांत तेजस्वी तो श्रवण. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला सुमारे १७ वर्षं लागतात.