बहुश्रुत

शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, आणि म्हणूनच त्याच्याजवळ थांबायचे राहून जाते. ज्याला पुष्कळ कळते त्याला आपण बहुश्रुत म्हणतो. पण शब्द सांगतो ते इतकेच, की याने पुष्कळ ऐकले आहे. बहुज्ञ असा वेगळा शब्द भाषेजवळ होताच, तरी विद्येचा गौरव करताना पूर्वजांनी जाणण्यापेक्षा ऐकण्याचे नाव घेतले, आणि नवविधा भक्तीतही पहिला मान श्रवणालाच दिला. या निवडीत काय दडले आहे ते, साधकहो, आपण सावकाश पाहू.

आपल्या वऱ्हाडात हा शब्द देह धरून वावरून गेला आहे. अमरावतीजवळच्या लोणी टाकळीला १८८१ साली जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी वर्ष भरण्याआधीच गेली, आणि १९१५ साली देह ठेवीपर्यंतच्या अवघ्या चौतीस वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. वेदान्त, आयुर्वेद, संगीत, इतकेच नव्हे तर डार्विन आणि स्पेन्सर यांचा उत्क्रांतिविचारसुद्धा त्यांच्यापर्यंत दुसऱ्याच्या वाचेतून आला, कानातून आत उतरला, आणि तेथे ज्ञानेश्वर माउलींच्या भक्तीशी त्याची गाठ पडली. त्यांनी नावंग नावाची एक नवी भाषाही घडवली. त्यांना बहुश्रुत म्हणणे हा अलंकार नव्हे, ते शब्दशः वर्णन आहे. डोळा हवे तेवढे टिपून मिटू शकतो; कानाला पापणी नसते.

आता हाच शब्द घेऊन संगणकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलामुलींकडे जाऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे संशोधकाला किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क करावे लागते. त्यात संशोधनपद्धती येते, संशोधन आणि प्रकाशनाची नीती येते. परदेशातील बऱ्याच विद्यापीठांत याखेरीज आपल्या विषयाबाहेरच्या शाखांतलेही काही शिकावे लागते: ज्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेत आहे त्याने अल्गोरिदमचे सिद्धांत ऐकावेत, ऑपरेटिंग सिस्टिम ऐकावी. आपल्याकडे मात्र कोर्सवर्क हा शब्द बहुधा ‘उरकले’ या क्रियापदाला जोडून येतो, आणि ते ऐकताना मला दर वेळी वाईट वाटते. कारण श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमात प्रबंध हे निदिध्यासन असेल तर कोर्सवर्क हे श्रवण आहे, आणि श्रवण उरकता येत नाही.

माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी अमरावतीला संशोधन करते. घर अकोला जिल्ह्यात, कपाशीचे. कपाशीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला की रोग ओळखता यावा, हा तिचा विषय. या क्षेत्रात पानांच्या छायाचित्रांचा एक प्रसिद्ध संच आहे, प्लांटव्हिलेज नावाचा. २०१६ साली त्यातल्या ५४ हजारांवर चित्रांपैकी मोठ्या भागावर शिकवलेल्या संगणकाने त्याच संचातली बाजूला ठेवलेली चित्रे ९९ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखली. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेली चित्रे पुढे येताच अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. त्या संचातल्या चौदा पिकांत कपाशी नाहीच. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानांचे. संत्रा आहे, पण फक्त रोगट पानांचा. आपल्या वरुड-मोर्शीचे हिरवेगार संत्र्याचे पान त्या यंत्रापुढे धरले, तर निरोगी संत्रा असा पर्यायच त्याच्यापाशी नाही. एकाच बाजूचे ऐकलेल्याची गत याहून नेमकी मी कुठे पाहिलेली नाही.

दिवाळीत ती घरी गेली आणि लाल पडलेल्या पऱ्हाटीचे फोटो काढू लागली. वडील जवळ येऊन नुसते एवढेच म्हणाले, “पान पलटून पाह्यलं का?” तिने पान उलटवले. शिरांलगत तुडतुड्यांची फिकट हिरवी पिल्ले तिरपी चालत होती. चारशे फोटो झाले होते, सगळे पानाच्या वरच्या बाजूचे. मग वडिलांनी बांधापलीकडचे दुसरे झाड दाखवले. तेही लालच, पण त्याच्या पानाखाली काही नव्हते. ती लाली मॅग्नेशियमच्या किंवा नत्राच्या कमतरतेची असेल, रात्रीच्या थंडीची किंवा साचलेल्या पाण्याची. लाल्या हे नाव एक, कारणे अनेक, आणि कॅमेऱ्याला दिसतो तो फक्त रंग.

इथे शब्दाचा आणखी एक पदर उलगडतो. ‘बहु’ म्हणजे नुसते संख्येने पुष्कळ नव्हे. पुष्कळांकडून, पुष्कळ ठिकाणी बसून. ज्याच्याकडून ऐकायचे त्याच्यापुढे आधी बसावे लागते, आणि आपल्या शाखेत ज्याचे नाव झाले आहे त्याला दुसऱ्या शाखेच्या वर्गात मागच्या बाकावर बसणे जड जाते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, १९६९ सालच्या त्या संस्थेत, पीएचडीच्या मुलांच्या तोंडी ‘मेजर, मायनर, सपोर्टिंग’ हे तीन शब्द सहज असतात: मुख्य विषय, त्याला लागून गौण विषय, आणि आधाराला सांख्यिकीसारखे आणखी काही. कीटकशास्त्राचा अभ्यासक संख्याशास्त्र्यापुढे बसतो, त्याचे ऐकल्यावाचून आपल्या किडींबद्दल खात्रीने बोलता येत नाही म्हणून. शेतीच्या विद्येने ही रीत कधीच अंगी बाणवली; संगणकाच्या विद्येने ती शेजारच्या जिल्ह्यातून उचलायला काय हरकत आहे?

मात्र पुष्कळ ऐकूनही कोणी बहुश्रुत होत नाही, हेही खरे. दहा विषयांचे दहा तुकडे कानावरून गेले तर तो गलबला असतो. गुलाबराव महाराजांजवळ स्पेन्सर आणि ज्ञानेश्वर एकमेकांशी बोलू शकले, कारण ऐकणारा एक होता आणि त्याची ओढ एक होती. त्या मुलीची ओढही एकच आहे, ते लाल पान. म्हणून मार्गदर्शकांना विचारून ती आता कीटकशास्त्राच्या वर्गात बसते, मृदाशास्त्राच्या तासाला वही घेऊन जाते, आणि फोटो काढताना प्रत्येक पानाचे दोन काढते, एक वरून आणि एक पलटून.